रावेला गावात जाताय? कृषिदूत-कृषिकन्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी. (कृषी)च्या सातव्या सत्रात जाणाऱ्या ज्युनिअर्सचे दरवर्षी मे महिन्यापासून फोन सुरू होतात. गाव कसं असेल, राहायचं कुठे, शेतकऱ्यांशी बोलायचं काय, आणि यातून हाती काय लागणार? मी मराठवाड्यातल्या एका सोयाबीन-तुरीच्या गावात कृषिकन्या म्हणून राहिले आहे. शिकलेल्या गोष्टी आता नोकरीत रोज वापरते. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून काढते आहे.

रावे म्हणजे नेमकं काय? ही इंटर्नशिपच ना?

हो, आणि माझ्या मते कृषी पदवीतला सगळ्यात मोलाचा भाग. पूर्ण नाव 'ग्रामीण कृषी कार्यानुभव आणि कृषी औद्योगिक संलग्नता', आणि 'रावे' हे त्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या कॉलेजांत ती असते. मुलगा गेला की कृषिदूत आणि मुलगी गेली की कृषिकन्या, ही आपल्याकडची पद्धत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेला कार्यक्रम 20 आठवड्यांचा आहे: सुरुवातीला एक आठवडा कॉलेजात तयारी, मग 8 आठवडे गावात, 5 आठवडे कृषी विज्ञान केंद्र, संशोधन केंद्र किंवा तशाच एखाद्या ठिकाणी, 2 आठवडे पीक चिकित्सालयात (पिकांवरचे रोग-किडी ओळखून सल्ला देणारं केंद्र), 3 आठवडे कृषी उद्योगात आणि शेवटचा आठवडा अहवाल-सादरीकरणाचा. अभ्यासक्रम बदलला की ही वाटणीही बदलते, त्यामुळे आपल्या बॅचचं परिपत्रक हातात घेऊनच तारखा ठरवा.

गाव आणि राहण्याची सोय कोण ठरवतं?

गाव कॉलेज ठरवतं. राहण्याचं मात्र बहुतेक वेळा गटालाच बघावं लागतं. ग्रामपंचायतीची रिकामी खोली, शाळेजवळचं भाड्याचं घर किंवा ज्यांच्याशी तुम्हाला जोडून दिलंय त्या शेतकऱ्याचं घर, यांपैकी काहीतरी जमतंच. जवळच्या तालुक्याच्या गावाहून रोज ये-जा करायचा मोह होईल. शक्य असेल तर टाळा. शेतकरी मोकळेपणाने बोलतो तो संध्याकाळी धारा काढून झाल्यावर, आणि ये-जा करणाऱ्यांची एसटी त्याआधीच निघून गेलेली असते.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक यांना भेटा, शाळेत जाऊन या. कॉलेजचं पत्र सोबत असू द्या. हे झालं की लगेच गावाचा नकाशा घ्या. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाचा, म्हणजे गावकऱ्यांनाच सोबत घेऊन गाव समजून घेण्याचा धडा तुम्ही वाचलेला असतो. सामाजिक नकाशा, संसाधन नकाशा, शिवारफेरी, हंगामी दिनदर्शिका ही नावं परीक्षेपुरती पाठही असतात. गावात त्यांना खरा अर्थ येतो.

आम्ही मारुतीच्या देवळासमोर रांगोळीने गाव काढत होतो. घरं झाली, रस्ता झाला, ओढा काढला. कडेला उभे असलेले एक आजोबा पुढे आले, काठीच्या टोकाने रांगोळीची रेघ पुसली आणि म्हणाले, "वढा इथून नव्हता. रस्ता झाला तवा वळवला. जुना वढा असा जायचा." त्यांनी काठीने दाखवलेली वाट ज्या चार-पाच शेतांतून गेली, त्याच शेतांत दरवर्षी सोयाबीन पिवळं पडतं, हे तिथेच उभ्या असलेल्या बायकांनी सांगितलं. पाणी अजूनही जुन्या वाटेनेच मुरत होतं. तलाठ्याच्या कागदावर हे कुठेच नव्हतं.

म्हणून नकाशा फोटोपुरता काढू नका. रांगोळीचा डबा गावकऱ्यांच्या हातात द्या आणि बाजूला उभे राहा.

शिवारफेरीही अशीच करा. माळावरच्या मुरमाड जमिनीपासून ओढ्याकाठच्या भारी काळ्या जमिनीपर्यंत चालत जा आणि प्रत्येक टप्प्यावर विचारा, की इथे काय पेरता आणि का. एकाच गावात दोन पेरण्यांच्या तारखा का असतात, हे त्या चालण्यात कळतं.

सगळे म्हणतात 'पंपाला किती' हा प्रश्न येणारच. त्याची तयारी कशी करायची?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण रावेत कमावलेलं माझं सगळ्यात पक्कं कौशल्य हेच.

पुस्तकातली शिफारस हेक्टरी असते. शेतकरी एकरात आणि गुंठ्यात बोलतो, आणि फवारणी करतो ती पाठीवरच्या पंपाने. एका काकूंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "पोरी, ते हेक्टर-बिक्टर राहू दे. पंपाला किती टाकू ते सांग."

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते. सोयाबीनवरच्या किडींसाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एससी या कीटकनाशकाची शिफारस हेक्टरी 150 मिली, 500 लिटर पाण्यातून. हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणून एकराचा हिशोब करा: 60 मिली औषध, 200 लिटर पाणी. म्हणजे 10 लिटरला 3 मिली. पंप 15 लिटरचा असेल तर 4.5 मिली आणि 20 लिटरचा असेल तर 6 मिली. इथवर कुणीही पोचतं.

खरी गोम पुढे आहे. 200 लिटर पाणी म्हणजे 20 लिटरचे 10 पंप. शेतकऱ्याला विचारा, "काका, एकराला किती पंप मारता?" उत्तर येतं, "सात." आता 7 पंपांत प्रत्येकी 6 मिली म्हणजे 42 मिली औषध पडलं, 60 नाही. पानं नीट भिजली नाहीत ते वेगळंच. अळी मरत नाही, शेतकरी म्हणतो औषधच बोगस, आणि पुढच्या वेळी दुकानदार त्यात दुसरं एखादं औषध मिसळून देतो. पॉवर स्प्रेने, म्हणजे इंजिनवरच्या पंपाने फवारणी असेल तर पाणी आणखी कमी लागतं, त्यामुळे साध्या पंपाची मात्रा तशीच वापरून चालत नाही. विद्यापीठाच्या सल्ल्यात साध्या पंपाची आणि पॉवर स्प्रेची मात्रा वेगवेगळी सांगितलेली असते ती याचसाठी.

म्हणून क्रम असा ठेवा: पंप किती लिटरचा, एकराला किती पंप लागतात, नोझल कोणतं, आणि मग औषध किती. मोजणं झाकणाने नको. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळ्या मापाचं असतं. सोबत मिलीच्या खुणांचं छोटं माप ठेवा, शेतकऱ्यालाही एक द्या. मेडिकलमध्ये अगदी थोडक्या पैशांत मिळतं. आणि शिफारस नेहमी त्या पिकाची, त्या किडीची, लेबलवर आहे तीच सांगा.

खताच्या बाबतीतही असंच?

अगदी. 'सोयाबीनला हेक्टरी 30:60:30' एवढं सांगून शेतकऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. त्याला बॅगा कळतात. एकराचा हिशोब होतो 12 किलो नत्र, 24 किलो स्फुरद, 12 किलो पालाश. डीएपीच्या 50 किलोच्या एका बॅगेत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं, म्हणजे एक बॅग टाकली की स्फुरदाचं काम जवळजवळ झालं. पालाशासाठी 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश.

पेरणीच्या तोंडावर डीएपी मिळत नाही, हे आता नवीन राहिलेलं नाही. त्या वेळी गावात रांगा, चिंता आणि चढ्या भावाच्या गोष्टी सुरू होतात. तेव्हा तुम्हाला वहीवर मांडून दाखवता आलं पाहिजे, की सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांत, म्हणजे 150 किलोत, 24 किलो स्फुरद मिळतं. त्याला साधारण 20 किलो युरियाची जोड दिली की डीएपीच्या बॅगेएवढं नत्रही भागतं. वर सुपर फॉस्फेटमधून गंधक मिळतं ते वेगळं, आणि सोयाबीनसारख्या तेलबियांना गंधक हवंच असतं. हा हिशोब मी पारावर खडूने मांडला तेव्हा एका दादांनी त्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि तो गावाच्या ग्रुपवर गेला. आमच्या गटाच्या कुठल्याही बॅनरपेक्षा तो जास्त लोकांनी वाचला.

प्रात्यक्षिकं कोणती घ्यावीत?

यादी कॉलेज देतं. पण यादीतलं सगळं सारख्याच जिवाने केलं तर काहीच लक्षात राहत नाही. ज्या प्रात्यक्षिकाने त्याच हंगामात शेतकऱ्याचे पैसे वाचतील, ते आधी घ्या.

जूनमध्ये तुम्ही गावात असाल तर घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी सगळ्यात वर. गोणपाट ओला करायचा, सरसकट बियाण्यातून न निवडता 100 दाणे घ्यायचे, ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. सातव्या-आठव्या दिवशी निरोगी कोंब मोजायचे. 70 किंवा अधिक उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. 60 उगवले तर त्याच हिशोबाने 35 किलो लागेल. त्याहून फार कमी असेल तर ते बियाणं पेरूच नये. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, त्यामुळे पोती आदळू नका, बीजप्रक्रिया करताना दाणे रगडू नका. बीजप्रक्रियेचा क्रम पक्का ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक (जिवाणू खत). शिवाय 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. ते सांगायला लाजू नका.

जनावरं जास्त असलेल्या गावात गव्हाच्या काडावर युरिया प्रक्रिया दाखवा. 100 किलो काडाला 4 किलो युरिया, तो 50 लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लॅस्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचं. उघडल्यावर वास जाईपर्यंत पसरवायचं, जनावराला थोड्या-थोड्याने सवय लावायची आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात द्यायचं नाही. युरिया मोजताना डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, युरिया जास्त झाला तर जनावर दगावतं.

फळबागेचं गाव असेल तर बोर्डो मिश्रण आलं: एक टक्क्यासाठी मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, भांडं प्लॅस्टिकचं घ्यायचं. लोखंडी विळा द्रावणात बुडवून बघायचा. त्याच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

माती नमुना, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे), निंबोळी अर्क हेही होईलच. कापसाच्या गावात सापळा लावून निघून येऊ नका, पतंग रोज मोजा. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून जास्त गुलाबी बोंडअळीचे पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, हे शेतकऱ्याने स्वतः मोजून बघितलं की तो फवारणी तुमच्या आग्रहाने नाही, आकड्याने ठरवतो.

शेतकरी म्हणतात, 'तुम्हा पोराटोरांना काय कळतं?' मग?

म्हणू द्या. ते खोटं बोलत नसतात. ज्या माणसाने तीस-चाळीस पेरण्या केल्यात त्याच्यासमोर भाषण करायला गेलं की घोडं तिथेच अडतं. पहिल्या भेटीत सल्ला देऊच नका, काम विचारा. खुरपं हातात घ्या, कोळपं कसं धरायचं ते शिकून घ्या. माणूस काम करता करता बोलतो. तुम्ही त्याच्या पिकाबद्दल नेमका प्रश्न विचारला, जसं की "हा चक्रीभुंगा (सोयाबीनची कीड) दरवर्षी याच कोपऱ्यात का?", तर तो स्वतःच तुम्हाला सगळं शेत फिरवून आणतो. नंतर तुमचं म्हणणंही ऐकून घेतो.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर?

'माहीत नाही, उद्या विचारून सांगते' असं सरळ म्हणा. मग रोगट पान किंवा अळीचा जवळून, उजेडात फोटो काढा, पूर्ण झाडाचा एक, शेताचा एक. पेरणीची तारीख, वाण, आधीची फवारणी लिहून घ्या आणि विषयाच्या सरांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात पाठवा. दुसऱ्या दिवशी न विसरता जाऊन उत्तर द्या. गावात तुमची पत या दुसऱ्या दिवसावर ठरते.

मुलींना वेगळ्या अडचणी येतात का?

येतात. राहण्याच्या जागेला कडी-कुलूप आणि स्वच्छतागृह नीट हवं, हे आधी जाऊन बघा. पसंत नसेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे सांगा, संकोच नको. शिवारात दोघी-दोघींनी जा.

पण एक गोष्ट मुलींनाच जास्त चांगली जमते, आणि तिचं महत्त्व कमी लेखलं जातं. शेतातली निंदणी, खुरपणी, वेचणी बायका करतात आणि प्रात्यक्षिकाला मात्र पुरुष येऊन बसतात. कारण साधं असतं: कार्यक्रम सकाळी अकराला ठेवलेला असतो आणि बाया त्या वेळी रानात असतात. दुपारी भाकरी सोडायच्या वेळी बांधावर जा, तिथेच पंधरा मिनिटांत बीजप्रक्रिया दाखवा. घरात बियाणं कुठे ठेवलंय, कोणत्या पोत्याला ओल लागलीय, हे घरच्या बाईला पक्कं माहीत असतं. आमच्या गावात बियाण्याची खरी माहिती अशीच मिळाली.

फवारणीच्या वेळी स्वतः काय काळजी घ्यायची?

हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचं नाही, उपाशीपोटी जायचं नाही, नोझल तोंडाने फुंकायचं नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण औषधाच्या विषारीपणाबद्दल काय सांगतो, हे प्रत्येक प्रात्यक्षिकात दाखवा, विषय कोणताही असो. रिकाम्या बाटल्या घरी कशासाठी वापरल्या जाताहेत तेही बघा. आणि मजुरांनाही बोलवा, कारण पंप बहुधा त्यांच्याच पाठीवर असतो.

मी शहरात वाढलोय. शेती घरी नाही. जमेल का?

जमेल. घरची शेती असलेल्यांना आपल्या भागाच्या पद्धती माहीत असतात, तुम्हाला सगळं विचारावं लागतं, आणि रावेत विचारणाराच जास्त शिकतो.

कृषी उद्योगाच्या तीन आठवड्यांत काय शिकावं?

साखर कारखाना, बियाणे प्रक्रिया केंद्र, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपनी, कुठेही टाकलं तरी एकच धागा पकडा: माल दारात आल्यापासून बाहेर पडेपर्यंत. बियाणे केंद्रात ओलावा मोजणं, चाळणी, ग्रॅव्हिटी सेपरेटर (हलके-भारी दाणे वेगळे करणारं यंत्र), टॅग. दूध संकलनात फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) दर कसा ठरतो. हे आकडे समजले की गावातल्या शेतकऱ्याला 'तुमचा दर का कापला' ते सांगता येतं. नाशिककडे मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी आहे. अशा ठिकाणी संधी मिळाली तर प्रतवारीच्या टेबलाजवळ उभे राहा आणि माल का नाकारला जातो ते टिपून घ्या.

भत्ता मिळतो का?

कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे त्यावर अवलंबून. शैक्षणिक विभागात चौकशी करा आणि बँक खातं आधारशी आधीच जोडून ठेवा.

डायरी, अहवाल, वर्तमानपत्रातली कात्रणं, याला किती महत्त्व द्यायचं?

गुणांसाठी ते लागतंच. 'कृषिदूतांनी दिले प्रात्यक्षिक' अशी बातमी छापून आली की आनंदही होतो, आई-वडील ते कात्रण जपून ठेवतात. पण डायरी रोज त्याच रात्री लिहा. 'आज शेतकऱ्यांना माहिती दिली' असं लिहून पाट्या टाकू नका. कोणी काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, त्याने ते केलं का, असं लिहा. तीच वही पुढे मुलाखतीत कामाला येते.

मुलाखतीत आणि बायोडेटात रावेबद्दल काय सांगायचं?

'संवादकौशल्य, नेतृत्व, गटकार्य' हे शब्द सगळेच लिहितात. त्याऐवजी काम लिहा: अमुक गावात घरच्या बियाण्याच्या उगवण चाचण्या घेतल्या, ई-पीक पाहणीची (पिकाची मोबाईलवरून सरकारी) नोंद शेतात उभं राहून करून दिली, माती नमुने गट क्रमांकासह प्रयोगशाळेत पोचवले, एका किडीचं आठवडा-आठवड्याने निरीक्षण ठेवलं. बँकेच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाची मुलाखत असो वा बियाणे कंपनीची, समोरचा माणूस विचारतो, "शेतकऱ्याने नाही म्हटलं तर काय कराल?" ज्याने गावात खरंच दिवस काढलेत त्याच्याकडे त्याचं उत्तर असतं, नावासकट आणि शेतासकट. मला नोकरी देणाऱ्या साहेबांनी माझ्या पंपाच्या हिशोबावरच बराच वेळ घालवला होता.

गाव सोडताना काय करून निघायचं?

माती परीक्षणाचे अहवाल आले असतील तर ज्याचे त्याला हातात द्या आणि त्यातला पुढच्या पिकाचा खताचा हिशोब बॅगांमध्ये मागच्या बाजूला लिहून द्या. अहवाल यायचे असतील तर ते आणून देण्याची जबाबदारी गटातल्या एकाने घ्यावी. नमुना घेऊन गेलेले परत आलेच नाहीत, ही तक्रार मी एकाहून जास्त गावांत ऐकली आहे. कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्राचे नंबर गावाच्या ग्रुपवर टाका. तुमचा स्वतःचा नंबरही द्या, आणि रब्बीच्या पेरणीच्या वेळी फोन आला तर उचला.